उलट्या गणिताच्या बाई

तलाव मंडळाच्या कचेरीत सगळे त्यांना उलट्या गणिताच्या बाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे सबंध. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता, कारण नाव अगदी नेमकं होतं. बाकीची दुनिया गणित सुलट करते. तळ्यात मासे किती, त्यातले विणीला किती येतात, मरतात किती, होड्या किती जातात हे माहीत असलं की जाळ्यात काय येईल ते सांगता येतं. बाईंचं काम याच्या बरोबर उलट. जाळ्यात काय आलं ते समोर असायचं, आणि त्यावरून पाण्याखाली काय चाललंय ते ओळखायचं. पंगत उठल्यावर खरकटी ताटं बघून किती माणसं जेवली आणि कोण अर्धपोटी उठलं हे सांगण्यातला प्रकार. सांगता येतं, नाही असं नाही. पण पंगतीतली माणसं निदान नंतर भेटतात तरी, मासे भेटत नाहीत.

त्यात बाईंना साक्षीदार एक नव्हता, दोन होते. पहिली साक्ष चाचणीच्या जाळ्याची. तळ्यातल्या ठरलेल्या बारा जागांवर दर महिन्याला एकाच मापाचं जाळं टाकायचं, आलेले मासे मोजायचे आणि परत पाण्यात सोडायचे. दुसरी साक्ष बाजाराची, म्हणजे धक्क्यावरच्या काट्यावर रोज किती मासळी उतरली त्याची. गणिताने दोघांचंही समाधान करायला हवं होतं आणि गंमत अशी की दोघांचं कधी पटत नसे. जाळ्याचं मन राखावं तर बाजार फुगून बसायचा, बाजाराची समजूत घालावी तर जाळं तोंड फिरवायचं. त्यामुळे कॉम्प्युटर एक उत्तर देतच नसे, उत्तरांची एक लांबलचक रांग द्यायचा. रांगेच्या एका टोकाला जाळ्याच्या बाजूची उत्तरं, दुसऱ्या टोकाला बाजाराच्या बाजूची, मध्ये सगळी तडजोड. त्यातलं कुठलंही उत्तर एकाच्या बाजूने जरा सुधारायला गेलं की दुसऱ्याच्या बाजूने बिघडलंच म्हणून समजा.

या रांगेतून एक उत्तर बाईंनी उचलायचं, आणि त्यावरून मंडळाने ठरवायचं की हंगामात किती होड्या किती दिवस सोडायच्या. तळ्यावर तीनशे घरं जगत होती. उत्तर उचलायचा आठवडा आला की बाईंचं अन्नपाणी तुटायचं.

तशा त्या जात्याच भित्र्या. बाहेर पडताना गॅस तीनदा बघायच्या, बसच्या थांब्यापर्यंत जाऊन कुलूप ओढून बघायला परत यायच्या, लिफ्टमध्ये कुणी सोबतीला असल्याशिवाय पाऊल टाकायच्या नाहीत. घरात त्यांचं नाव भागूबाई पडलं होतं आणि ते पाडलं होतं दादाने, म्हणजे थोरल्या भावाने. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या आणि दादा तेवीस वर्षांचा. त्याने वडिलांची होडी हातात घेतली, वर्षभराने वहिनी घरात आली, आणि त्या दोघांनी या भागूबाईला शिकवून मोठी केली. दादाला कशाचीच भीती नव्हती. वादळात लोक काठाला उभे राहून हात चोळत असताना हा आत जाऊन उलटलेल्या दोन होड्या ओढून आणायचा आणि वर जेवायला उशीर झाला म्हणून कुरकुरायचा. बहिणीचं कौतुक तर विचारू नका. धक्क्यावर कुणी विचारो न विचारो, आमची भागूबाई खुर्चीत बसून तळ्यातले मासे मोजते, असं तो ऐकवल्याशिवाय सोडत नसे.

मंडळाला चाचणीच्या जाळ्यासाठी माणूस हवा होता तेव्हा दादाने ते काम घेतलं. भाऊ मोजणार आणि बहीण गणित करणार म्हणून चार लोकांनी नाकं मुरडली, पण दादाची मोजणी बघितल्यावर तीही सरळ झाली. तो होडीत गुडघे टेकून मासे मोजायचा आणि मनात जरा शंका आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. बाई त्याला दर महिन्याला कोरा फॉर्म पाठवत आणि त्याच्यासोबत गणितातून निघालेल्या स्वतःच्या अंदाजाचा कागद, कुठल्या जागेवर साधारण किती मासे येतील त्याचा. त्यावरून पाण्याचे टब किती न्यायचे ते दादाला कळे. टब कमी पडले तर मोजून होईपर्यंत मासे मरत, म्हणून ही सोय. वर्षानुवर्षं हे चालत होतं आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, बाईंच्यासुद्धा.

यंदा हंगामाच्या बैठकीला तीन दिवस उरले असताना बाईंनी गणित चालवलं, आणि रांग आखडली. दोन्ही टोकं सरकत सरकत जवळजवळ एका जागी येऊन बसली. जाळं खूश, बाजारही खूश, आणि उत्तर एकच: तळं भरलेलं आहे, होड्या वाढवल्या तरी चालतील. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा फुलला. अकरा वर्षं बाईंची रांग बघून त्यांचं डोकं उठायचं. शेवटी जमलं म्हणायचं, असं म्हणून त्यांनी तो आलेख रंगीत छापायला सांगितला.

बाईंना मात्र ते पटेना. अकरा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं अचानक गळ्यात गळे घालून फिरायला लागली, तर शहाण्या माणसाने आधी काय बिनसलंय ते बघावं. त्यांनी गेल्या चौदा महिन्यांचे फॉर्म काढले आणि शेजारी आपले अंदाजाचे कागद लावले. सातवी जागा, अंदाज ४१.६, फॉर्ममध्ये ४२. आठवी जागा, अंदाज ३८.२, फॉर्ममध्ये ३८. त्यांनी पट्टी ठेवून एकेक ओळ तपासली. एकशे अडुसष्ट नोंदींपैकी एकशे एकसष्ट त्यांचेच आकडे होते, फक्त पूर्णांक करून लिहिलेले.

म्हणजे चौदा महिने गणित आपलंच उत्तर साक्ष म्हणून परत घेत होतं आणि दर महिन्याला जास्त खात्रीने तेच बोलत होतं. तळ्याचा त्यात काही संबंधच उरला नव्हता. आणि फॉर्मांवरचं अक्षर दादाचं होतं. ते ओळखायला बाईंना पट्टी लागली नाही, त्याच अक्षरात त्यांच्या शाळेच्या वह्यांवर नाव घातलेलं असायचं.

बाईंनी पट्टी खाली ठेवली. त्या उठून बाथरूममध्ये गेल्या आणि आतून कडी लावून बसल्या. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? उत्तर सगळ्यांच्या मनासारखं होतं, आलेख रंगीत छापून येत होता. पण होड्या वाढल्या आणि खाली मासाच नसला तर? आणि बोललं तर दादाचं काय? बाईंना लहानपणापासून हजार गोष्टींची भीती वाटत आली होती, कुलपाची, लिफ्टची, फोनच्या घंटीची. त्या सगळ्या हजार वेळा खोट्या ठरल्या होत्या. ही भीती खोटी ठरणार नव्हती, कारण पुरावा टेबलावर पडला होता.

दुपारी त्या दादाकडे गेल्या. दादा बाहेरच्या खोलीत जाळं पसरून फाटलेला भाग शिवत बसला होता. आज वेळ कसा मिळाला, साहेबांनी हाकललं की काय, अशी त्याची नेहमीची थट्टा सुरू झाली. बाई चपला न काढताच दारात उभ्या राहिल्या.

"दादा, सातव्या जागेवर गेल्या महिन्यात किती मासे आले होते?"

"फॉर्मात लिहिलंय की."

"फॉर्मात माझाच आकडा आहे."

सुई थांबली. आतून वहिनी हात पुसत आली, दोघांकडे बघितलं आणि दाराला टेकून उभी राहिली. दादाने सुई जाळ्यात खोचून ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. चौदा महिन्यांपूर्वी सातव्या जागेवर जाळं वर आलं तेव्हा त्यात नऊ मासे होते. त्याने जाळं बोटांनी चाचपून पाहिलं, कुठे फाटलं नव्हतं. पुन्हा टाकलं, आठ आले. आणखी चार जागांवर तीच गत. बहिणीचा कागद म्हणत होता बेचाळीस. तो कागद हातात धरून तो होडीत कितीतरी वेळ बसून राहिला होता.

"मला वाटलं, तुझं कसं चुकेल? एवढी शिकलेली तू. माझीच जागा चुकली असणार, नाहीतर नजर गेली असणार. म्हटलं, लोक म्हणतील म्हातारा झाला, याला जाळं टाकता येत नाही. म्हणून तुझा आकडा लिहिला. एवढ्या वेळेपुरता."

पुढच्या महिन्यात बहिणीचा कागद तेवढ्याच ठामपणे बेचाळीस म्हणत होता आणि जाळ्यात सात होते. गेल्या खेपेला बेचाळीस लिहिलेल्या माणसाने या खेपेला सात कसे लिहायचे? मग तो सगळ्याच जागांचे आकडे उतरवून काढायला लागला. हे सांगताना दादाचा आवाज सपाट होता. मग त्याने जाळं बाजूला सारलं.

"आणि खरं सांगू का, ते रिकामं जाळं बघून मला भीती वाटली गं."

बाईंना स्वतःच्या भीतीची सवय होती. तिला घेऊन बसमध्ये कसं बसायचं, चार घास कसे खायचे हे त्यांना येत होतं. दादाच्या भीतीचं काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या चपला काढून त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

मग बाजारात एवढी मासळी येते कुठून, असं त्यांनी कसंबसं विचारलं. त्याचं उत्तर दादाकडे होतं. तळ्याच्या वरच्या अंगाला एक जुना खोल खड्डा होता, तिथलं पाणी गार. तळ्यात उरलेला सगळा मासा तिथे जमा झाला होता आणि सगळ्या होड्या तिथेच जात होत्या. जाळं टाकलं की भरायचं, त्यामुळे जो तो म्हणायचा, मासा मुबलक आहे. बारा जागांपैकी एकही त्या खड्ड्याजवळ नव्हती. बाईंच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. तळं रिकामं होत होतं, आणि त्याचे शेवटचे मासे एका खड्ड्यातून उपसून धक्क्यावर येत होते आणि काट्यावर भरभराट म्हणून नोंदले जात होते.

वहिनी कोपऱ्यातल्या सुतळीच्या डब्याकडे गेली. तळाशी हात घालून तिने एक वही काढली आणि बाईंच्या मांडीवर ठेवली.

"खरे आकडे यात आहेत. फॉर्म भरून झाला की हे दर महिन्याला यात लिहीत बसतात. मी कधी विचारलं नाही, पण दिसत होतं मला."

नऊ, सात, सात, पाच. शेवटच्या महिन्यात बारापैकी पाच जागांवर शून्य होतं आणि प्रत्येक शून्यापुढे पुन्हा टाकून बघितल्याची खूण होती. बाईंनी वही मिटली. हे मांडलं तर सगळ्यांसमोर तुझं नाव येणार, असं त्या दादाला म्हणाल्या. आणि नाही मांडलं तर काय, असं दादाने विचारलं. होड्या सुटतील आणि त्या खड्ड्यात जातील, बाई म्हणाल्या. दादाने जाळं पुन्हा ओढून घेतलं आणि फाटलेली जागा शोधायला लागला. ती त्याला लवकर सापडेना.

"मग मांड," तो म्हणाला.

बुधवारी बाईंनी फॉर्मांचे आकडे काढून वहीतले आकडे घातले. रांग पसरली, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि मधोमध तुटली. दोन तुकडे झाले आणि मध्ये काहीच नाही. एक तुकडा म्हणत होता, तळ्यात पाचवा हिस्सा मासा उरलाय, आत्ता बंद ठेवा, चार-पाच वर्षांत सावरेल. दुसरा म्हणत होता, विणीचा मासा इतका कमी झालाय की आता बंद ठेवा नाहीतर चालू ठेवा, तो परत येणार नाही. जाळ्याच्या आणि बाजाराच्या साक्षीशी दोन्ही सारखेच जुळत होते. बाईंनी एकेक जागा वगळून बघितली, जाळ्याला जास्त मान देऊन बघितला, बाजाराला देऊन बघितला, वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करून बघितली. दर वेळी तुकडे दोनच येत होते.

साहेबांना सांगितल्यावर साहेबांनी उठून खोलीचं दार लावलं. माणूस वाईट नव्हता, नोकरी करणारा होता. ते अगदी मऊपणे म्हणाले की फॉर्मांवर मंडळाचा शिक्का आहे, वहीवर नाही, तेव्हा मंडळाच्या दृष्टीने मोजणी म्हणजे फॉर्म. हे बोलणं बिनचूक होतं आणि म्हणूनच भयंकर होतं. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि त्या नाही म्हणाल्या. धीटपणाने नाही म्हणणारी माणसं वेगळी. बाई घाबरत घाबरत दोनदा नाही म्हणाल्या.

बैठक गुरुवारी सकाळी होती. लांब हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, चाळीसेक होडीवाले. दादा तिसऱ्या ओळीत इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. बाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि तोंडानेच सांगितलं. फॉर्ममधले आकडे तळ्याचे नाहीत, माझे आहेत. अंदाजाचा कागद फॉर्मासोबत मी पाठवत होते, तो पाठवायला नको होता. मोजणारा माझा भाऊ. खऱ्या आकड्यांची ही वही. खड्ड्यात दिसतो तेवढाच मासा उरलाय.

कुणी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. पहिल्या ओळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या होडीवाल्याने तेवढं विचारलं की बंद म्हणजे किती वर्षं. बाई म्हणाल्या, चार-पाच, किंवा मग मासा येणारच नाही. दोन्हीतलं खरं कोणतं, त्याने विचारलं. सांगता येत नाही, बाई म्हणाल्या. दादाच्या शेजारच्या माणसाने आपली खुर्ची वीतभर लांब सरकवली ते सगळ्यांना ऐकू आलं.

तळं बंद ठेवायचं ठरलं. हात वर करायला लोकांना वेळ लागला, पण ते वर गेले. खड्ड्याची गोष्ट त्यांच्यातल्या प्रत्येकाला आतून माहीत होती.

बैठक सुटल्यावर बाई बाहेर आल्या तेव्हा दादा पायऱ्यांवर एकटाच उभा होता. लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी उतरत होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी खांद्यावर हातही ठेवला नाही. बाई त्याच्याजवळ गेल्या. तो पांगणाऱ्या माणसांकडे बघत होता आणि तीन दिवसांत त्याचे गाल आत गेले होते.

"एक विचारू?" तो म्हणाला. "पहिल्याच महिन्यात मी नऊ लिहिले असते, आणि पुढेही खरंच लिहीत गेलो असतो, तर?"

हा प्रश्न बाईंचा बुधवारीच कॉम्प्युटरला विचारून झाला होता. विचारायला नको होता, पण हाताला सवय. पहिले तीन महिने खरे आकडे मिळाले असते तर काय दिसलं असतं, ते त्यांनी चालवून बघितलं होतं. तेव्हा दोन तुकडे आले नाहीत, लांब रांगही आली नाही. जाळ्याच्या टोकापासून बाजाराच्या टोकापर्यंत प्रत्येक उत्तर एकच सांगत होतं: एक हंगाम बंद ठेवा, तळं वाचतं. एवढं स्वच्छ उत्तर बाईंना अकरा वर्षांत कधी मिळालं नव्हतं.

"काही फरक पडला नसता, दादा," त्या म्हणाल्या. "तोवर उशीर झालाच होता."

दादाने त्यांच्याकडे बघितलं. कसं काढलंस, कशावरून म्हणतेस, असं त्याने विचारलं नाही. त्याने लांब श्वास सोडला, खांदे खाली आले, चेहऱ्यावर जरा रंग आला. बरं झालं विचारलं, तो म्हणाला, आज झोप लागेल. आणि तो एकेक पायरी उतरून, वहिनी जेवायची थांबली असेल असं म्हणत चालायला लागला.

बाई कठड्याला धरून तिथेच उभ्या राहिल्या. आपला आकडा काय, आपला शब्द काय, इतक्या सहज खरा मानणाऱ्या त्या पाठीकडे बघताना त्यांना जन्मात वाटली नव्हती एवढी भीती वाटली.